नुसते आगाऊ

खिडकीचे कुलूप काढण्याआधी बाईंनी सवयीने वर पाहिले आणि किल्ली तशीच हातात राहिली. पाटी अर्धी नाहीशी झाली होती.

बस स्टँडच्या त्या खिडकीवर इतकी वर्षे ‘आगाऊ आरक्षण’ असे दोन शब्द होते. लाल रंगाची लाकडी अक्षरे, एकेक सुटे, भिंतीत स्क्रूने घट्ट बसवलेले. त्यांतले ‘आरक्षण’ कुणीतरी काढून नेले होते. गाड्यांच्या धुराने काळवंडलेल्या भिंतीवर त्याच्या जागी चार अक्षरांचा स्वच्छ हिरवा ठसा राहिला होता. आणि शेजारी, नुसते, ठसठशीत, ‘आगाऊ’. बरोबर त्याच्याखाली बाईंची खुर्ची.

शनिवारी संध्याकाळी पाटी जागेवर होती. रविवारी बाईंची सुट्टी. म्हणजे जे काही झाले ते त्यांच्या माघारी झाले होते. बाई आत जाऊन बसल्या, काच पुसली, आणि पहिला प्रवासी समोर आला. त्याने वर वाचले, खाली बाईंकडे पाहिले, पुन्हा वर वाचले आणि ओठ दाबून तिकीट मागितले. त्याच्या मागच्या आजींनी तर सरळ विचारले, की इथे आगाऊ म्हणजे नक्की काय मिळते.

आता या शब्दाची गंमत ज्याने त्याने घरी अनुभवलेली असते. आगाऊ म्हणजे आधीच. आगाऊ सूचना, आगाऊ रक्कम, आगाऊ आरक्षण. आणि आगाऊ म्हणजे मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणारा, विचारल्यावाचून उत्तर देणारा, आपली पायरी न ओळखणारा. एक अर्थ कचेरीतला आणि एक कानाखाली खाताना ऐकण्यातला. दोन्ही एकाच शब्दात कसे नांदतात कोण जाणे. वेळेआधी तोंड उघडणारा माणूस आपल्याकडे कुणालाच आवडत नाही, एवढेच त्यावरून समजायचे.

बाईंना स्टँडवर सगळे आगाऊबाई म्हणत. हे नाव भोंग्याने ठेवलेले. भोंगा म्हणजे शेजारच्या चौकशीच्या खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारणारा. त्याचा आवाज माइक बंद असला तरी स्टँडभर ऐकू जाई, म्हणून त्याला भोंगा. बाई नव्या होत्या तेव्हा एका प्रवाशाला त्याने खिडकी दाखवली, “त्या काय, पाटीखाली बसल्यात त्या आगाऊबाई,” आणि ते नाव चिकटले ते चिकटलेच. त्यात थट्टा अशी की बाईंच्या इतके आगाऊ नसलेले माणूस स्टँडवर दुसरे नव्हते. एकदा त्यांच्या खोपटातला पंखा बंद पडला, तर त्या अख्खा उन्हाळा पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या. शेवटी एका प्रवाशानेच साहेबांकडे जाऊन आरडाओरडा केला, तेव्हा पंखा आला आणि बाईंनाच ओशाळल्यासारखे झाले.

तर त्या सोमवारी बाई वाट पाहत होत्या ती भोंग्याच्या थट्टेची. असली आयती संधी भोंगा सोडेल, हे शक्य नव्हते. पाटी त्यानेच काढली असणार, असेही त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकले. भोंगा आला, वर पाहिले, खाली पाहिले, आणि म्हणाला, “गुड मॉर्निंग, मॅडम.”

मॅडम! बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. ज्याने जन्मात कधी सरळ हाक मारली नाही तो मॅडम म्हणतो, तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असते.

दुपारपर्यंत त्यांच्या लक्षात आले की पाणी एकाच जागी मुरत नाही. चहावाल्याने न मागता चहा आणून ठेवला, वर साखर बरोबर आहे का म्हणून विचारले. झाडणारी बाई खिडकीपाशी आली आणि तीच फरशी पुन्हा पुन्हा झाडत राहिली, वर मान करून बघेना. कंडक्टर मंडळी चहाच्या टपरीशी उभी राहून काहीतरी बोलत होती. बाई पाण्याची बाटली घेऊन तिकडे गेल्या तशी सगळी गप्प झाली आणि एकाने उगाच हवापाण्याचा विषय काढला. बाईंनी बाटली भरली नाही. तशाच परतल्या.

गप्प बसणाऱ्या माणसांचे एक असते. तोंड बंद असते म्हणून डोके बंद नसते. उलट सगळा कारभार तिथेच चालतो. बाईंच्या डोक्यात तो आता जोरात सुरू झाला. पाटी पडली असती तर दोन्ही शब्द पडले असते. चोराने नेली असती तर त्यानेही निवड केली नसती. म्हणजे ‘आगाऊ’ मुद्दाम ठेवले होते. का ठेवले होते? तर बाईंना काहीतरी सांगायचे होते म्हणून. आणि एकदम त्यांना ते गृहस्थ आठवले.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ काउंटरवर कोपर टेकून फोनवर बोलत उभे होते. मागे रांग खोळंबली होती. बाई म्हणाल्या होत्या, “कोपर काढता का जरा?” गृहस्थांनी कोपर काढले, पण त्यांच्याकडे बराच वेळ रोखून पाहिले. कुणीतरी मोठे असणार. त्यांनी वर तक्रार केली असणार, की तुमची खिडकीवाली बाई आगाऊ आहे. आणि साहेबांनी, तोंडावर बोलायला नको म्हणून, हा मार्ग काढला असणार.

हे वाचून कुणी हसेल. असा कुठे साहेब असतो, असे म्हणेल. पण ज्याला लहानपणापासून एका शब्दाची भीती घातलेली असते, त्याला तो शब्द भिंतीवर एकटा दिसला की तो आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटते. बाई दोन दिवस एकच गोष्ट आठवत बसल्या: आपण ‘जरा’ म्हटले होते की नव्हते? ‘कोपर काढता का जरा’ हे एक, आणि ‘कोपर काढा’ हे दुसरे. कधी वाटे म्हटले होते, कधी वाटे नसेलही. मंगळवारी तर त्या प्रत्येक प्रवाशाला दर वाक्याला जरा म्हणत होत्या. जरा सुटे द्या, जरा नाव सांगा, जरा पुढच्या मंगळवारचेच ना.

त्या शब्दाची भीती वडिलांनी घातली होती. म्हणजे घातली बाईंना, पण मारले ताईला. ताई म्हणजे बाईंची मोठी बहीण. ताई सोळा वर्षांची असताना घरी आलेल्या पाहुण्यांसमोर वडिलांना उलट बोलली. काय बोलली ते पुढे येईलच. वडिलांनी भरल्या बैठकीत तिच्या थोबाडीत दिली आणि म्हणाले, “आगाऊ कार्टी.” मग दाराआड उभ्या असलेल्या धाकटीकडे वळून बोट नाचवले, “तू तरी आगाऊपणा करू नकोस.” धाकटीने तो शब्द पाळला. जेवताना मीठ कमी पडले तरी मागितले नाही. वडील जाऊन किती वर्षे झाली, पण ते बोट काही खाली आले नव्हते.

आता दोघी बहिणी दोन खोल्यांत राहत. लग्नाचे दोघींचेही जमले नाही ते नाहीच. ताई घरी शिवणकाम करत आणि रोज दुपारी बाईंचा डबा घेऊन स्वतः स्टँडवर येत. डबा हे निमित्त होते. खरा कार्यक्रम वादाचा. गाडी आडवी लावणारा ड्रायव्हर, रांगेत घुसणारा प्रवासी, केळ्याचे साल टाकणारे पोर, ताईंच्या तोंडाच्या पट्ट्यातून कुणी सुटत नसे. भोंगा म्हणायचा की पाटीखाली चुकीच्या बहिणीला बसवले आहे. ताईंना हे कळले तेव्हा त्या खूश झाल्या होत्या.

बुधवारी आणखी एक विलक्षण घडले. साहेब स्वतः बाईंच्या खोपटात आले. साहेब म्हणजे स्टँडचे प्रमुख; केबिनमधून ते फक्त घरी जायला बाहेर पडतात अशी त्यांची ख्याती. ते दारात उभे राहिले, पंख्याकडे पाहिले, फायलींच्या कपाटाकडे पाहिले, आणि म्हणाले, “काय बाई, गुडघा काय म्हणतोय?”

बाई म्हणाल्या, बरा आहे. साहेब बराय बराय म्हणत निघून गेले. बाईंच्या हातातला पेन मात्र हलेना. गुडघा दुखतो हे साहेबांना कसे कळले? बाईंनी स्टँडवर कधी कुणाला सांगितले नव्हते. त्या कळ आली की काउंटरखाली पाय लांब करत आणि तोंडावर काही दिसू देत नसत. गुडघ्याची गोष्ट या जगात एकाच माणसाला माहीत होती, आणि ते माणूस रोज रात्री त्या गुडघ्याला तेल चोळत होते.

म्हणजे संशय आता घरात शिरला होता.

मग एकेक गोष्ट उलगडू लागली. सोमवारपासून ताई डबा खिडकीशी आणत नव्हत्या. मागच्या फाटकाशी उभ्या राहून झाडणाऱ्या बाईच्या हाती देत आणि तिथूनच परत फिरत. तीन दिवसांत स्टँडवर त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. घरीही त्या गप्प होत्या. शेजारणीने जिन्यात कचरा ठेवला होता. एरवी त्यावर ताईंचे तासभर प्रवचन झाले असते, पण त्यांनी स्वतः तो उचलून खाली नेऊन टाकला. आणि बाईंच्या ताटात रोज त्यांच्या आवडीचे काहीतरी पडत होते. लाड तर लाड, पण ताईंचे लाड बोलून दाखवल्याशिवाय कधी होत नसत.

त्या संध्याकाळी बाईंनी विचारलेच. त्यांच्या मानाने हा मोठाच पराक्रम होता.

“ताई, साहेबांना माझा गुडघा कसा माहीत?”

ताई भांडी घासत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. “मला काय विचारतेस? तुमच्या साहेबाला विचार.”

“तू कुणाशी भांडलीस का स्टँडवर?”

“मी रोजच भांडते.”

“तसं नाही.”

“मग कसं?” ताईंनी विचारले खरे, पण उत्तरासाठी थांबल्या नाहीत. लख्ख झालेले पातेले त्यांनी पुन्हा घासायला घेतले. बाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. या बहिणीला आपण ओळखतो असे इतकी वर्षे वाटत होते. ती आपल्यापासून काहीतरी लपवते आहे आणि ते बाकी सगळ्या स्टँडला माहीत आहे, हे आता त्यांना पक्के कळले. काय ते मात्र कळत नव्हते. बाईंना राग आला. रागाची सवय नसल्याने तो आधी त्यांना डोकेदुखीसारखा वाटला.

गुरुवारी सकाळी अलीकडचा नळ कोरडा होता. बाई बाटली घेऊन पलीकडच्या फलाटावर गेल्या. तिथे वाहतूक कमी, म्हणून त्यांचे तिकडे सहसा जाणे नसे. फलाटाच्या कोपऱ्यात ताडपत्रीने झाकलेले माणसाच्या उंचीचे काहीतरी उभे होते. त्याच्या वर भिंतीला शिडी लावून एक अनोळखी कामगार स्क्रू आवळत होता. बाईंनी वर पाहिले. लाल, लाकडी, चार अक्षरे. ‘आरक्षण’.

ते आपलेच, याबद्दल शंकेला जागा नव्हती. ‘क्ष’चे टोक तुटलेले होते, एका वादळात तुटले तेव्हा बाई खाली बसलेल्या होत्या आणि तो तुकडा त्यांच्या काउंटरवर येऊन पडला होता.

बाईंनी त्या माणसाला विचारले, की हे इथे काय आहे. तो मोकळा माणूस होता. मशीन आहे, म्हणाला. पडद्यावर बोट लावायचे, जागा निवडायची, तिकीट बाहेर. एक तारखेपासून पलीकडची खिडकी बंद. नवी पाटी करायचा खर्च कशाला, म्हणून साहेबांनी जुनीच अक्षरे इकडे लावायला सांगितली.

“मग अर्धीच का आणली?” बाईंनी विचारले.

“मशीनवर कुठलंही तिकीट मिळतं. आजचं, उद्याचं. मग ‘आगाऊ’ कशाला? ते नको म्हणाले.” त्याने खाली वाकून त्यांच्याकडे पाहिले. “तुम्ही इथल्याच ना? तुम्हाला माहीत नाही? सगळ्यांना आगाऊ कल्पना दिलीय म्हणत होते.”

बाईंनी बाटली भरून घेतली आणि परत येऊन रांग संपवली. एका म्हाताऱ्या गृहस्थांना पुढची जागा हवी होती आणि त्यांच्या पत्नीला मागची. दोघांचे वर्षानुवर्षे असेच असायचे, आणि बाई दोघांना न विचारता तशाच जागा देत. आजही दिल्या. तिकिटावर नावेही बरोबर आली. मग त्यांनी ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी काचेला लावली आणि साहेबांच्या केबिनकडे गेल्या. जेवणाची वेळ झालेली नव्हती.

केबिनमध्ये साहेबांनी बसा म्हटल्यावाचून कुणी बसत नसे. बाई आत गेल्या, खुर्ची ओढली आणि बसल्या. गुडघाही दुखत होताच.

“साहेब, माझं ‘आरक्षण’ पलीकडं लागलंय.”

साहेबांनी समोरचा कागद बाजूला केला. मी बोलणारच होतो, म्हणाले. वरून आदेश आला, आपल्या हातात काही नाही, नोकरीला धक्का नाही, फक्त जागा बदलणार. एक तारखेपासून बाईंनी मागे सामानघरात बसायचे. प्रवाशांच्या बॅगा ठेवून घ्यायच्या आणि परत द्यायच्या. काम हलके आहे.

सामानघर बाईंना माहीत होते. मागच्या अंगाला, खिडकी नसलेली, दिवसा दिवा लावावा लागणारी खोली.

“सगळ्यांना सांगितलंत,” बाई म्हणाल्या.

“तुमच्या ताईंनी नाही सांगितलं? शनिवारी त्यांना मुद्दाम बोलावून समजावलं होतं. म्हटलं, घरच्या माणसानं सांगितलं तर तुम्हाला बरं पडेल.”

“नोकरी माझी आहे, साहेब. ताईची नाही.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवे. वाईट माणसाला असले काही खरे बोलून दाखवता आले नसते. “खरं सांगू का बाई? मला घाई वाटली नाही. ड्रायव्हर लोक, कंडक्टर, तो भोंगा, हे सगळे दंगा करणारे. आगाऊ माणसांना आगाऊ सांगावं लागतं. तुमच्यासारख्यांना कधीही सांगितलं तरी चालतं.”

बाहेर एक गाडी मागे येत होती, कुणीतरी पत्र्यावर थापा मारून येऊ दे, येऊ दे म्हणत होते. साहेबांना बहुधा वाटले की विषय संपला. म्हणून ते थोडे सैलावले आणि म्हणाले, की तसे पाहिले तर बाईंना ते चौकशीच्या खिडकीत भोंग्याशेजारी घेणार होते. दुसरी खुर्ची तिथे रिकामी आहे. पण शनिवारी ताई चार माणसांदेखत नको ते बोलल्या.

“काय बोलली?”

“माझ्या बहिणीचा गुडघा दुखतो, तिला तोंड नाही, म्हणून तिला अडगळीत टाकताय का, म्हणाल्या. मी तोवर सामानघराचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मोठ्यानं, अगदी बोट नाचवून. फार आगाऊ आहेत हो तुमच्या ताई.”

ते बोट नाचवणे बाईंना डोळ्यांसमोर दिसले. पण ताईंचे नव्हे, वडिलांचे. आणि त्यांना एकदम आठवले की त्या दुपारी दाराआडून आपण थप्पड पाहिली, पण थपडेच्या आधीचे वाक्य कधी नीट आठवूनच पाहिले नाही.

“साहेब, आमच्या वडिलांनी माझी शाळा बंद केली होती,” त्या म्हणाल्या. आवाज लहान होता, पण थांबला नाही. “दोघींचीही. पाहुणे बसलेले असताना ताई मध्ये गेली आणि म्हणाली, मी घरात राबते, पण धाकटीला शाळेत घाला, नाहीतर मी या घरात अन्नाला शिवणार नाही. वडिलांनी सगळ्यांदेखत थोबाडीत दिली. आगाऊ म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. ती नाही गेली, कधीच नाही. तिच्या आगाऊपणावर मी या खिडकीत बसलेय. तिला तो शब्द तुम्ही वापरू नका.”

साहेब चष्म्याची काडी उघडत, मिटत राहिले.

“आणि चौकशीची खुर्ची मला हवी आहे. मी ती मागतेय.”

“आता ऑर्डर निघाली, बाई.”

“बदला.”

“बघतो,” साहेब म्हणाले.

बघतो म्हणजे नाही, हे खिडकीवर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. बाई स्वतः हजारो माणसांना तसेच म्हणत आल्या होत्या. त्या उठल्या. दारापाशी गेल्यावर मात्र थांबल्या. “मग भिंतीवर जे उरलंय ते मी नेईन,” त्या म्हणाल्या. नेऊ का, असे त्यांनी विचारले नाही, आणि साहेबांना नेमके काय उरले आहे ते आठवायला थोडा वेळ लागला.

त्या संध्याकाळी घरी ताईंनी त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखले. चप्पल काढेपर्यंतही थांबल्या नाहीत.

“कळलं तुला.”

“कळलं.”

“मी गप्प बसले असते तर तुला चौकशीची जागा मिळाली असती.” ताई भिंतीला टेकून खाली बसल्या. “शनिवारपासून रोज ठरवते, आज सांगायचं. सगळ्या गावाला बोलते, तुला सांगायला तोंड उघडेना. शेवटी मीच तुझं वाटोळं केलं. वडील म्हणायचे ते खोटं नव्हतं.”

आता खरे तर बाईंनी बोलायला हवे होते. दुपारी केबिनमध्ये जे बोलल्या तेच पुन्हा बोलायचे होते, शब्द तयारच होते. पण जे साहेबांपुढे सरळ बाहेर पडले ते ताईंपुढे येईना. संशय होता तोवर या बहिणीच्या पाठीकडे त्या रोखून बघू शकत होत्या. आता तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हते. त्यांनी पाण्याचा तांब्या भरून ताईंच्या हाताशी ठेवला आणि जवळ बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने ताईंनीच उठून तेलाची बाटली आणली आणि त्यांचा पाय मांडीवर ओढून घेतला.

महिनाअखेरीला बाईंनी खिडकी स्वतः बंद केली. शेवटचे तिकीट दिले, काच पुसली, ड्रॉवर रिकामा केला. मग गॅरेजमधून पेचकस मागून आणला आणि स्टूल ओढला. भोंगा त्याच्या खोपटातून धावत आला.

“मी काढतो, मॅडम. तुम्ही कशाला चढताय?”

“तू स्टूल धर.”

त्याने स्टूल धरले. बाई वर चढल्या. स्क्रू गंजले होते, ‘ऊ’चा तर हलेचना. खाली भोंगा बराच वेळ घोटाळत राहिला आणि मग म्हणाला, की त्याने सांगायला हवे होते. मनात रोज यायचे, पण कसे सांगायचे तेच समजत नव्हते. त्याच्या आवाजाला एवढे हळू बोलण्याची सवय नव्हती.

“ते मॅडम सोड आधी,” बाई वरून म्हणाल्या. “आगाऊबाईच म्हण.”

भोंग्याने मान हलवली, पण लगेच म्हणवले नाही.

तिन्ही अक्षरे त्यांनी डब्याच्या पिशवीत घातली. ‘आ’ मावेना, त्याची काठी बाहेर राहिली. भिंतीवर आता दुसराही ठसा उमटला होता, तसाच हिरवा. लाकूड नव्हते, पण वाचायला दोन्ही शब्द जसेच्या तसे होते. भोंग्याने खोपटात जाऊन शेवटची गाडी पुकारली.

घरी ताई शिलाई मशीनवर होत्या. बाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली. धुराचा काळा थर बसलेली तीन अक्षरे कापडाच्या तुकड्यांवर पडली.

“हे काय उचलून आणलंस?”

“तुझं आहे,” बाई म्हणाल्या.

ताईंनी मशीन थांबवले. ‘ऊ’ उचलून उलटसुलट केले, मग ‘गा’, मग ‘आ’. शब्द जुळला तेव्हा त्या काहीतरी बोलणार असे वाटले, कारण त्यांचे ओठ हलले.

“मी साहेबांना सांगितलं,” बाई म्हणाल्या, “की मला शाळेत तू घातलंस.”

ताई उठल्या, फडके ओले करून आणले आणि एकेक अक्षर पुसायला घेतले. काजळी निघाली तसा खालचा लाल रंग वर आला. कडा, कोपरे, स्क्रूची भोके, काही सोडले नाही. मग तिन्ही अक्षरे वाळायला म्हणून रस्त्याकडच्या खिडकीत नेली आणि एकाशेजारी एक उभी केली, बाहेरून जाणाऱ्याला वाचता येतील अशी. आत बसलेल्या दोघींना ती उलटी दिसत होती.